मिस्त्रीच्या पोरीची सायकल

प्रिय बाबा,

मागच्या रविवारी मी सायकल घेतली. भाचीसाठी नाही, शेजारणीच्या पोरासाठी नाही. माझ्यासाठी. वय एकोणपन्नास, डोळ्यांना चष्मा, जिना चढताना गुडघे कुरकुरतात, आणि आयुष्यातली पहिली सायकल! तुमच्याशिवाय हे कुणाला सांगावं ते कळेना, म्हणून लिहायला बसले.

तुम्हाला जाऊन चार महिने झाले. या चार महिन्यांत मी एकदाही रडले नाही, हे आधीच सांगून टाकते. सगळे वाट पाहत होते. कुणी पाठीवरून हात फिरवला, कुणी जवळ घेतलं. मावशी तर म्हणाली, "रड वं बेबी, मोकळी हो." नाही आलं रडू. मी जेवते, मैत्रिणीच्या गाडीवर मागे बसून ऑफिसला जाते, आईच्या गोळ्या काढून देते, झोपते. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात, त्यानंतर गाल जसा होतो ना, तशी मी झाले आहे. आपलाच गाल, पण चावला गेला तरी कळत नाही.

फक्त एक प्रश्न तेवढा जागा आहे. तुम्ही होतात तेव्हा तो मी नीट विचारला नाही, भांडणात फेकला तुमच्या अंगावर. बाबा, महाल वस्तीत चाळीस वर्षं सायकल दुरुस्तीचं दुकान चालवलंत. अर्ध्या महालाच्या सायकली तुमच्या हाताखालून गेल्या. मग स्वतःच्या पोरीला सायकल का नाही शिकवलीत?

त्या सकाळी काय झालं ते तुम्हाला माहीत नाही. आईचा फोन आला तेव्हा तुमचे जावई पहिल्या पाळीला, कंपनीच्या बसनं हिंगण्याला निघून गेले होते. त्यांची मोटरसायकल दारात उभी होती. किल्ली खिळ्याला टांगलेली. मी त्या किल्लीकडे पाहिलं आणि चौकाकडे पळत सुटले. आमच्या बेसाच्या त्या चौकात, डिसेंबरच्या थंडीत, मी पाऊण तास उभी होते. मोबाइलवरून बोलावलेली गाडी येते येते म्हणत आलीच नाही. शेवटी एक ऑटो मिळाला. दवाखान्यात पोचले तर आई बाहेरच्या बाकावर बसलेली, आणि तिच्या मांडीवर तुमचा चष्मा.

तुम्ही शेवटपर्यंत शुद्धीवर होतात म्हणे. "बेबी आली का?" असं दोनदा विचारलंत म्हणे.

तेव्हापासून डोक्यात एकच घाणा फिरतोय. सायकल येत असती तर गाडी चालवता आली असती. गाडी चालवता आली असती तर मी ती किल्ली काढली असती. मी वेळेवर पोचले असते. म्हणजे बाबा, तुम्ही मला शिकवलं नाहीत म्हणून तुमच्या शेवटच्या घटकेला मी चौकात उभी होते. केवढा वाईट विचार आहे ना हा? पण चार महिने मी हाच करत होते, रोज.

जानेवारीत मी बायकांना स्कूटी शिकवणाऱ्या एका क्लासमध्ये गेले. तिथल्या बाईंनी पहिलाच प्रश्न केला, "सायकल येते का ताई?" मी म्हटलं, "नाही." त्या म्हणाल्या, "मग पहिले सायकल शिकून घ्या, अन् मंग या. बॅलन्सच नाही तर मी काय शिकवू?" मग सहज विचारलं, माहेर कुठलं, वडील काय करत होते. मी सांगितलं. त्या एवढ्या हसल्या, एवढ्या हसल्या की त्यांनाच ठसका लागला!

हसू दे. मला सवय आहे. शाळेत मला काय म्हणायचे, आठवतं? 'मिस्त्रीची पायदळ पोरगी.'

तुमचा तो नियम! गिऱ्हाइकाच्या सायकलवर टांग टाकायची नाही. तुम्हीही नाही, आम्हीही नाही. आणि आपल्या घरात गिऱ्हाइकाची सोडून दुसरी सायकल होतीच कुठे? घर वर, दुकान खाली. तुम्ही म्हणायचात, मिस्त्रीला कुठं जायचं आहे? सायकल दुरुस्त झाली की गिऱ्हाइकालाच सांगायचात, "एक चक्कर मारून या." तो चक्कर मारायचा, तुम्ही दुकानाच्या पायरीवर डोळे मिटून बसायचात आणि नुसत्या आवाजावरून ओळखायचात. "मागच्या चाकाचा एक आरा ढिल्ला आहे. या इकडं." कुणाच्या घरी सायकल पोचवायची असली तर हातात धरून चालत न्यायचात. एक हात हँडलला, एक सीटवर. पार रेशीमबागेपर्यंत चालत गेलेलं मी तुम्हाला पाहिलं आहे.

विहारात तुमच्या पुण्यानुमोदनाला लोक बोलायला उभे राहिले ना, तेव्हा प्रत्येकानं हेच सांगितलं. "असा इमानदार माणूस होणे नाही. चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाच्या सायकलवर एकदा बसला नाही मिस्त्री." लोक माना डोलवत होते. आई खाली पाहत होती. मी समोरच्या मेणबत्तीकडे पाहत बसले आणि मनात म्हटलं, या इमानदारीचं मी काय करू?

बारा वर्षांची असताना मी तो नियम मोडला होता. एका बाईंची लेडीज सायकल दुकानातून काढली आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन पडले. मडगार्ड वाकलं. तुम्ही मारलं नाहीत. मडगार्ड सरळ केलंत, सायकल हातात धरून त्या बाईंकडे गेलात, खरं काय ते सांगून आलात. आणि मला एवढंच म्हणालात, "परत हात लावजो नको." मारलं असतं तर बरं झालं असतं. रडून मोकळी तरी झाले असते.

आणि अकरावी! मला सायन्सला जायचं होतं. कॉलेज लांब, माझ्या दोन्ही मैत्रिणी सायकलनं जाणार होत्या. मी तुम्हाला म्हटलं, मला शिकवा, जुनीपुरानी कोणतीही जुळवून द्या. तुम्ही चिमट्यानं बेअरिंगचे छर्रे उचलत होतात. मान वर न करता म्हणालात, "पाहू." पंधरा दिवस मी तुमच्याशी बोलले नाही, आणि ते पाहू तिथंच राहिलं. शेवटी मी घराजवळच्या कॉलेजात, पायी जाता येईल तिथं, आर्ट्सला नाव घातलं. नंतर बोलले, पण आधीसारखं नाही. तुम्हाला ते कळत होतं का हो?

कळत असणार. कारण गेल्या दसऱ्याला मी ते सगळं बोलूनच दाखवलं. निमित्त काहीच नव्हतं. तुम्ही नेहमीसारखे पाने-हातोडे पुसून मांडत होतात, आणि आई म्हणाली, बेबीला एवढ्या लांबून यायला किती त्रास होतो. मी ताडकन म्हटलं, "आयुष्यभर लोकांची चाकं फिरवली बाबांनी. पोरीचं एक नाही फिरवलं." तुम्ही पाना पुसत होतात. तोच पाना तुम्ही परत परत पुसत राहिलात. ती आपली शेवटची नीट भेट.

तर, सायकल. मागच्या रविवारी मी बेसा रोडवरच्या नव्या दुकानात गेले. तुमचं दुकान पाहिलेल्याला ते दुकान वाटणारच नाही. काचेचं दार, आत थंडगार, सायकली भिंतीवर टांगलेल्या. दुकानदार चाळिशीचा, गोड बोलणारा. म्हणाला, "या मॅडम. मुलासाठी का मुलीसाठी?"

"माझ्यासाठी."

तो मला सरळ गिअरच्या सायकलकडे घेऊन गेला. एकवीस गिअर, पुढे शॉकअप, जाडे टायर. "हे घ्या मॅडम, आजकाल हेच चालून राहिली. फिटनेससाठी एक नंबर!" मी म्हटलं, मला डोंगर चढायचा नाही. मग त्यानं एक बारीक टायरची दाखवली, वाकून चालवायची. मी म्हटलं, माझी कंबर आहे ती एवढीच आहे.

मला काय हवं ते मला पाठ होतं. तुमच्या तोंडून हजारदा ऐकलेलं. नव्यानं शिकणाऱ्याला सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला पुरले पाहिजेत. मधला दांडा खाली झुकलेला पाहिजे, म्हणजे घाबरला तर पटकन उतरता येतं. गिअर नको, लक्ष तिकडे जातं. हँडल उंच पाहिजे. ब्रेक बोटांना पोचले पाहिजेत, आणि बाईचे हात लहान असतात हे कंपनीला माहीत नसतं, मिस्त्रीला माहीत पाहिजे! कोपऱ्यात एक साधी, हिरवी, पुढे जाळीची टोपली असलेली उभी होती. मी तिचं पुढचं चाक उचललं, फिरवलं, ब्रेकच्या गट्ट्याजवळ अंगठ्याचं नख धरलं आणि पाहत राहिले. नखाला रिंग एका जागी लागत होती, दुसरीकडे सुटत होती.

"रिंगला आउट आहे, वाकडी फिरते," मी म्हटलं.

दुकानदार वाकून पाहायला लागला. "नाही जी, नवीकोरी आहे."

"परत फिरवा. घंटीच्या बाजूला येतं पाहा."

त्यानं पाहिलं. मग चाबी आणली आणि दोन आरे कसले. त्याचा सूरच बदलला. "तुम्ही तं लाइनमधल्या निघाल्या मॅडम! घ्या, एक चक्कर मारून या."

बाबा, ते वाक्य! तुमचं ते वाक्य त्या माणसाच्या तोंडून ऐकलं. तशीच हँडल धरून उभी राहिले.

"मला येत नाही," मी म्हटलं.

"काय नाही येत?"

"सायकल."

"आउट पाहता येते अन् सायकल नाही येत? असं कसं?"

असं कसं, ते मलाही माहीत नव्हतं. मी तीच हिरवी घेतली आणि घरी निघाले. चालत. एक हात हँडलला, एक सीटवर. तुम्ही न्यायचात तशी. दोन किलोमीटर असेल. तेवढ्यात तिघांनी थांबून विचारलं, "ताई, पंक्चर झाली का?" पहिल्याला मी हो म्हटलं. दुसऱ्याला पण हो म्हटलं. तिसऱ्यानं तर गाडी बाजूला लावून हवा तपासायला सुरुवात केली! मेला, दोन्ही टायर दाबून पाहतो आणि म्हणतो, "हे तं टाइट आहे."

आई फाटकात उभी होती. तुम्ही गेल्यावर मी तिला बेसाला आणलं, हेही तुम्हाला सांगायचं राहिलं. तिनं मला लांबूनच येताना पाहिलं असावं. जवळ आले तर तिचा चेहरा कसातरीच झालेला.

"बाप्पा! हातात धरून आणली का वं? अशीच आणत तुहे बाबा."

"त्यांचा नियम होता, आई. मला चालवता येत नाही म्हणून आणली."

"नियम!" आई म्हणाली. टोपलीची जाळी बोटानं चाचपत होती. "त्यायले तरी कुठी येत होती?"

मला आधी कळलंच नाही. मग मी म्हटलं, "काय?"

"सायकल. त्यायले येतच नव्हती."

बाबा!

मग आईनं सगळं सांगितलं, तिथंच पायरीवर बसून. आता माझ्यावर रागावू नका आणि तिच्यावर तर मुळीच नको. कुणाला सांगायचं नाही ही तुमची शपथ तिनं बावन्न वर्षं पाळली.

"मालकाच्या दुकानात लागले तवा लहान होते," आई म्हणाली. "गिऱ्हाइकाच्या सायकलवर बसला तं हात तोडीन, म्हणे मालक. बसलेच नाही कधी. मंग सोताचं दुकान टाकलं. लोक मिस्त्री मिस्त्री कराले लागले. आता मिस्त्रीनं भर रस्त्यात शिकावं कसं? अन् लोक म्हणत, काय इमानदार माणूस आहे, सायकलवर बसत नाही. मंग तर सांगताच येईना."

मी विचारलं, मग कधीच नाही शिकले?

"गेले होते ना. तू अकरावीले रुसून बसली होती, तवा. भंगारातून एक सायकल जुळवली. पहाटेचं आम्ही दोघं मैदानावर जात होतो. मी मागून कॅरिअर धरत होती. आधी मी शिकतो, मंग बेबीले शिकवतो, म्हणत. सात-आठ दिवस गेले. एक दिवस असे पडले का गुडघा फुटला. तिथं एक दूधवाला उभा होता. तो हासला. म्हणे, मिस्त्री, तुमाले येत नाही का? त्यायनं त्याले सांगितलं, ब्रेक पाहून राहिलो होतो. घरी आले अन् सायकल खोलून टाकली."

मला तो गुडघा आठवतो, बाबा. मी तेव्हा बोलत नव्हते तुमच्याशी. तुम्ही लंगडत होतात, पायाला पट्टी होती. शेजारच्या काकूंना सांगत होतात, "नळावर घसरलो." मी ऐकलं आणि पुढे गेले. काय झालं म्हणून विचारलं नाही. तुम्ही 'पाहू' म्हणाला होतात आणि खरंच पाहायला गेला होतात. आणि मी तुम्हाला ते वाक्य ऐकवलं, दसऱ्याच्या दिवशी! तुम्ही त्याच वेळी का नाही सांगितलंत? पाना ठेवून एकदा म्हणायचं होतं, बेबी, मला येत नाही. मी हसले असते का हो?

मी आईला म्हटलं, दुसऱ्या कुणाला सांगायचं होतं मला शिकवायला. ती म्हणाली, "म्हटलं मी. तं म्हणे, मिस्त्रीच्या पोरीले दुसरा शिकवल तं लोक इचारतीन, मिस्त्री काहून नाही शिकवत?"

याचा मला राग आहे. लपवत नाही. एका दूधवाल्याच्या हसण्यापायी माझं सायन्स गेलं, हे मी तुमच्या तोंडावर म्हटलं असतं. अजूनही म्हणते. पण आता तो राग काढायला बसले की मध्येच आई कॅरिअर धरून पळताना दिसते, तुम्ही धोतराचा सोगा खोचून त्या भंगाराच्या सायकलवर, आणि माझं पुढचं वाक्य राहूनच जातं.

सोमवारपासून आम्ही शिकतो आहोत. आम्ही म्हणजे मी आणि आई. मागच्या लेआउटमध्ये अजून घरं झाली नाहीत, तिथं सकाळी सहाला. जावई म्हणाले होते, मी धरतो. आई म्हणाली, "तुमाले नाही जमणार. मले सवय आहे." बहात्तर वर्षांची बाई, कॅरिअर धरून चार पावलं चालते आणि दमते. मग उभ्या उभ्या ओरडते, "समोर पाह्य वं! खाली काय पाहून राहिली? तुहे बाबाबी खालीच पाहत."

म्हणजे आपण दोघंही चाकाकडेच पाहत होतो. मिस्त्रीची सवय.

गुरुवारी मी पडले. उजवा गुडघा. फार नाही, पण सोलला गेला चांगला. संध्याकाळी जावयांनी विचारलं, "काय लागलं?" आणि माझ्या तोंडून काय निघावं? "बाथरूममध्ये घसरले." विचार न करता, आपोआप! आई स्वयंपाकघरातून वाकून माझ्याकडे पाहत होती. पोळी लाटत राहिली.

म्हणून आज हे पत्र. रडू अजूनही आलेलं नाही, बाबा. आई म्हणते, येईल, कुठी जाते. गुडघा मात्र दुखतो. चार महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी दुखतंय आणि ते मला कळतंय.

आता ऐका. तुमचं गुपित मी कुणाला सांगणार नाही. वर्ष भरलं की लोक परत विहारात जमतील, परत कुणीतरी उभं राहून म्हणेल की मिस्त्री कधी गिऱ्हाइकाच्या सायकलवर बसला नाही, आणि मी सगळ्यांबरोबर मान डोलवीन. खोटं तर नाही ना ते! पण माझं मी लपवणार नाही. हे पत्र मिटलं की बाहेर जाऊन जावयांना सांगते, सायकलवरून पडले म्हणून. रस्त्यात कुणी विचारलं, पंक्चर झाली का, तर सांगेन, नाही, मला अजून येत नाही.

आणि येईल तेव्हा बेसाहून निघेन आणि महालात आपल्या दुकानापर्यंत चालवत येईन. शटर बंद असतं आता, पण पायरी तशीच आहे. पायरीसमोर एक चक्कर मारीन. तुम्ही डोळे मिटून ऐका, कुठला आरा ढिल्ला असेल तर सांगा. मग मी दोनदा घंटी वाजवीन. तुम्ही दोनदा विचारलं होतंत ना? बेबी आली, बाबा. उशीर झाला, पण आपली आपण आली.

तुमची,
बेबी